पहिले एकवीस तास माझे

मी, कुमुदिनी श्रीकांत पेठकर, वय वर्षे एकसष्ट, राहणार हाउन्सलो, माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. अशा कागदाच्या सुरुवातीला ‘राजीखुशीने’ असं लिहायची पद्धत आहे. तो शब्द मी गाळला आहे, कारण मी राजी नाही आणि खुशीत तर मुळीच नाही. मी रागाने लिहीत आहे. पण डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही, आणि कोणाला काय ठेवायचं याचा विचार करायला मला जागेपणी भरपूर वेळ मिळालेला आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. त्यांना नसेल. मी कागद करून ठेवते.

हा कागद मराठीत आहे. वकीलबाई श्रद्धा कर्णिक इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडणार आहेत, म्हणजे कायद्याची अडचण यायला नको. मी इंग्रजीत लिहिलं असतं तर माझ्या पतींनी ते गॅसच्या बिलासारखं वाचून बाजूला ठेवलं असतं. मराठीत वाचलं की त्यांना लागेल. लागावं अशीच इच्छा आहे.

माझे पती श्री. श्रीकांत विष्णू पेठकर, वय पासष्ट, एकतीस वर्षं इथे बस चालवत होते. त्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, म्हणून या कागदात ‘यांनी’, ‘यांना’ असं जिथे येईल तिथे तेच समजावेत. यापुढे त्यांच्याविषयी बरंच वाईट लिहिलेलं आहे, तरी अहोजाहो सोडलेलं नाही. ते माझ्या आईचं वळण आहे. त्याचा आदर म्हणून अर्थ लावू नये.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी चैत्राली हिने करावी. ती स्टॅनमोरला राहते, फार्मसिस्ट आहे. तिच्या मराठीत घर ‘मोठा’ असतो आणि चहा ‘गरम झाली’ असते, पण अक्कल शाबूत आहे, आणि आमच्या घरात सध्या ती तेवढ्या एकाच माणसाची आहे. माझ्यासकट.

कलम दोन. माझ्या पाटल्या आणि मोत्यांची नथ चैत्रालीला. पोस्टातली शिल्लक तिच्या मुलीला, सान्वीला, अठरा पूर्ण झाल्यावर. ती शिल्लक मी विमानतळावरच्या किचनमध्ये बावीस वर्षं जेवणाचे ट्रे भरून जमवली आहे. शिफ्ट पहाटे चारची असायची आणि आदल्या रात्रीची झोप तीन तासांची. त्याचं कारण पुढे येईल. १९९३ साली उभ्या उभ्या डोळा लागला आणि पावाची सुरी डाव्या तर्जनीत गेली. चार टाके पडले. झोप लागली असं मी सुपरवायझरला सांगितलं नाही, सुरी निसटली म्हणाले. ते बोट अजून सरळ होत नाही. बोट मृत्युपत्रात ठेवता येत नाही, नाहीतर यांनाच ठेवलं असतं.

पुरणयंत्र मला दोन घरं पलीकडच्या स्वातीला द्यायचं होतं. ती आणि तिचा नवरा अवधूत पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेले आहेत आणि या कागदाचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून ते मी तिला मागच्या रविवारीच देऊन टाकलं. त्याच्याशी या कागदाचा संबंध नाही. तिने चाळणी वापरून झाल्यावर लगेच धुवावी, पुरण वाळलं की निघत नाही.

कलम तीन. घोरण्याविषयी.

हे कलम मालमत्तेचं नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, बाईची अब्रू मालमत्ता नाही तर काय आहे. त्यावर त्यांनी पुढचं पान उलटलं.

मी या कलमाने जाहीर करते की मी घोरत नाही. कधीही घोरले नाही. पेठकरांच्या घरातून जो आवाज यायचा तो यांचा होता.

१९८४ च्या मे महिन्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल ब्लॅकपूलला गेली होती. समुद्राकाठचं स्वस्त गेस्टहाउस, पुठ्ठ्याच्या भिंती, सात खोल्यांत सात जोडपी. सकाळी नाश्त्याला मंडळाचा सेक्रेटरी मिलिंद जोगदेव म्हणाला, “काय हो, रात्रभर कोणाच्या खोलीत लॉरी रिव्हर्स होत होती? वॉट अ रॅकेट, आय टेल यू.” सगळे हसले. यांनी टोस्टला लोणी लावता लावता, मान वर न करता सांगितलं, “आमच्या सौभाग्यवती. काय करणार, दिवसभर दमतात बिचाऱ्या.”

मी चहा ओतत होते. किटली हातात धरून तशीच उभी राहिले. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही हे मला दुधाबरोबर पाजलेलं होतं, म्हणून गप्प बसले. ‘खोटं’ एवढा एक शब्द मी तेव्हा बोलले असते तर पुढची बावीस वर्षं वेगळी गेली असती. खोलीत आल्यावर विचारलं, असं का सांगितलंत. म्हणाले, “अगं, गंमत केली. बाईमाणसाचं काय जातंय? पुरुषाला ते बरं दिसत नाही.”

काय गेलं ते लिहून ठेवते. दोन वर्षांनी गणेशोत्सवात मंडळाने एक नाटुकलं बसवलं. त्यात मिलिंदने साडी नेसून, पोटाला उशी बांधून ‘पेठकरवहिनी’ केली आणि पाच मिनिटं नुसतं घोरून दाखवलं. सगळा हॉल लोटपोट. सगळ्यात जास्त टाळ्या यांनी वाजवल्या. त्या दिवाळीला मंडळातल्या पुरुषांनी वर्गणी काढून यांना कानात घालायच्या बोळ्यांचा मोठा डबा भेट दिला, ‘सहनशील पतीस’ अशी चिठ्ठी लावून. तो डबा यांनी हसत घेतला आणि घरी आल्यावर मुकाट्याने माझ्या कपाटात ठेवला. बायका मला कोपऱ्यात घेऊन उपाय सांगायच्या. नाकात कोमट तूप सोडा, डाव्या कुशीवर झोपा, रात्रीचा भात बंद करा. ते सगळे उपाय मी घरी आणून यांच्यावर केले. तूप यांच्या नाकात आणि नाव माझं. लग्नाला बाहेरगावी गेलं की मला झोपायला किचनशेजारची खोली मिळायची, ‘म्हणजे वहिनी, तुम्हाला संकोच नको.’ स्वाती इथे येऊन तीन महिने झाले. तिला माझं नाव कळायच्या आधी हे कळलं होतं.

इथपर्यंत दोष यांचा. आता माझा लिहिते.

१९९८ साली दिवसा डोळे मिटतात, डोकं जड राहतं म्हणून यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सरळ मला विचारलं, हे रात्री घोरतात का, झोपेत श्वास अडतो का. यांनी माझ्याकडे पाहिलं. बसचा परवाना गेला तर घर कसं चालायचं, चैत्रालीचं कॉलेज कसं व्हायचं, हे सगळं त्या एका नजरेत होतं. मी म्हणाले, “नो डॉक्टर. दॅट्स मी. आय ॲम द वन हू स्नोअर्स.” डॉक्टर हसले, यांना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला वजन कमी करायला सांगितलं. ब्लॅकपूलला यांनी माझ्या अंगावर टाकलेलं मी तिथे आपल्या हाताने ओढून घट्ट गुंडाळून घेतलं. यांना मी बोल लावते, पण त्या खुर्चीत बसून तोंड माझं हललं होतं.

तरी आदेश असा की, माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या गणेशोत्सवात, आरतीनंतर आणि प्रसादाआधी, म्हणजे कोणी उठून जाणार नाही, हे कलम ‘मी या कलमाने जाहीर करते’ पासून इथपर्यंत मिलिंद जोगदेव यांनी स्वतः मोठ्याने वाचावं. साडी नेसायची गरज नाही. त्यांनी नकार दिला तर मंडळाला वापरायला दिलेली माझी पेटी चैत्रालीने त्याच दिवशी परत आणावी. मग आरती टाळ्यांवर म्हणावी.

बोळ्यांच्या डब्यात अजून एक जोडी शिल्लक आहे. ती यांना.

कलम चार. शिसवी लाटणं यांना.

ते मी माहेरून आणलेलं आहे. १९८१ पासून मी आमच्या घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत झोपते, जिथे एक पलंग मावतो आणि दार अर्धंच उघडतं. यांची खोली भिंतीपलीकडे. भिंत मधे असूनही आवाज इतका, की माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला किणकिणायचा. मी उशाशी लाटणं ठेवलं आणि भिंतीवर ठोकायला लागले. ठोकलं की यांची कूस बदलायची, थोडा वेळ शांत व्हायचं, आणि त्या शांततेत मी झोपायची घाई करायची. भिंतीच्या कागदावर तिथे गुलाबाचं फूल होतं, आता खळगा आहे. शांतता मिळावी म्हणून मी संकष्टीला एकवीस मोदक बोलले होते. कितीतरी वर्षं न चुकता केले.

२००५ च्या मार्चमध्ये, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, यांची बस स्टेन्स रोडवर फुटपाथ चढून बसथांब्यात घुसली. थांब्याची काच फुटली. आत कोणी नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ रोज त्या बाकावर सहा वाजता येऊन बसत, त्यांना त्या दिवशी पायमोजे सापडले नाहीत म्हणून उशीर झाला. यांनी सांगितलं, रस्ता ओला होता. रस्ता ओला होता हे खरं आहे. पण त्या सकाळी चहा पिता पिता यांचा डोळा लागला होता आणि कप कलंडायच्या आत मी तो हातातून काढून घेतला होता. कप काढून घेतला आणि त्याच हाताने डबा दिला. जा म्हटलं. त्या म्हाताऱ्याचे पायमोजे सापडले असते तर मी हा कागद कोणत्या तोंडाने लिहिला असता ते मला माहीत नाही.

महिनाभर मी यांना सांगितलं, तुम्ही स्वतः कळवा. “एकदा झालं ते झालं, आता विषय नको,” असं म्हणून पुन्हा सकाळी बस घेऊन जायचे. शेवटी परवाना देणाऱ्या कचेरीला, स्वान्झीला, मी पत्र लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. गुपचूप नाही. पोस्टात टाकण्याआधी यांच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. यांनी ते वाचलं नाही, मी टाकणार नाही अशी खात्री होती म्हणून. चौकशी झाली आणि जुलैमध्ये परवाना गेला. त्या संध्याकाळी हे एवढंच बोलले, “तू माझी बस काढून घेतलीस.”

त्यानंतर आजतागायत, चौदा महिने, यांनी माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या असतात. ‘दूध आणले.’ ‘बॉयलरवाला गुरुवारी.’ ‘चैत्रालीचा फोन होता.’ माझा वाढदिवस झाला तेव्हा ‘कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला’ अशी चिठ्ठी होती.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये झोपेच्या क्लिनिकने दोघांनाही बोलावलं. चैत्राली गाडी घेऊन आली. जाताना आम्ही तिच्या मागे दोन खिडक्यांशी बसलो होतो. ती म्हणाली, “ऑनेस्टली, यू टू. सान्वीपण असा भांडत नाही.” यांना तिथे एक रात्र तारा लावून झोपवलं होतं. तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबतो असं निघालं. स्लीप ॲप्निया. तिथल्या तरुण मुलीने कागदावरची रेघ दाखवून मला समजावलं. जिथे रेघ वरखाली होते तिथे आवाज आहे, म्हणजे हे श्वास घेत आहेत. जिथे रेघ सपाट आहे तिथे शांत आहे, म्हणजे घेत नाहीत.

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

म्हणजे चोवीस वर्षं मी श्वासावर लाटणं मारत होते आणि श्वास बंद पडला की देवाचे आभार मानून झोपत होते. मोदक त्यासाठी केले. मला हे आधी कोणी सांगितलं नाही याचा मला संताप आहे, आणि सांगणार कोण, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच तोंड बंद केलं होतं, याचा त्याहून जास्त आहे.

तेव्हापासून मी उलट करते. आवाज असला की पडून राहते. आवाज थांबला की उठून बसते, दहापर्यंत मोजते आणि भिंतीवर ठोकते. पलीकडून एक मोठा घरघरणारा श्वास येतो, तेव्हा आडवी होते. गेलं वर्षभर आमच्या घरात आमच्या दोघांचं एवढंच बोलणं आहे. गुरुवारी मी जाईन. परत आले नाही तर त्या भिंतीवर ठोकणारं कोणी राहणार नाही. म्हणून लाटणं यांना. स्वतःच्या हाताने स्वतःला जागं करता येत असेल तर करून बघावं.

कलम पाच. घर आणि मशीन.

घर दोघांच्या नावावर आहे. काही केलं नसतं तर माझ्यामागे ते सगळंच आपोआप यांना गेलं असतं. म्हणून जून महिन्यात वकीलबाईंकडून रीतसर नोटीस देऊन माझा अर्धा हिस्सा मी वेगळा काढला. यांनी पोच म्हणून ‘नोटीस मिळाली’ अशी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

यांच्या झोपेसाठी हॉस्पिटलने मशीन दिलेलं आहे. लहान पेटीएवढं, त्याला नळी, नळीला नाकावर लावायचा मास्क. ते श्वासाची वाट उघडी ठेवतं. तीन महिने रोज लावून रिपोर्ट चांगला आला असता तर परवाना परत मिळायचा रस्ता मोकळा होता. यांनी ते लावलं नाही. नोव्हेंबरपासून खोकं जिन्याखाली आहे, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. चैत्रालीने विचारलं, “बाबा, मशीन का नाही लावला?” तर तिला म्हणाले, “गुदमरतो माणूस त्यात. मी मरेन.” न लावता मरणार आहेत ते चालतं. खरं कारण मला माहीत आहे. मशीन लावलं म्हणजे घोरणं कोणाचं होतं ते कबूल केलं. बावीस वर्षं एक खोटं सांभाळायचं आणि शेवटी त्याच्यापायी जीव द्यायचा, पण नाश्त्याच्या टेबलावरचा शब्द मागे घ्यायचा नाही, असे हे गृहस्थ आहेत.

तरी माझा अर्धा हिस्सा मी पुढील अटीवर ठेवते. माझ्या मृत्यूनंतर पहिलं वर्षभर यांनी सरासरी रोज चार तास मशीन लावलं, तर हिस्सा हयातभर यांच्या वापराला आणि नंतर चैत्रालीला. नाही लावलं, तर माझी खोली चैत्रालीने भाड्याने द्यावी आणि भाडेकरू शक्यतो घोरणारा निवडावा. “आई, यू कान्ट पुट दॅट इन अ विल,” असं चैत्रालीने फोनवर सांगितलं. वकीलबाईंनीही सांगितलं की भाडेकरूचा भाग कोर्टात टिकणार नाही. टिको न टिको, लिहिलेला राहू द्यावा.

मशीनच्या छोट्या पडद्यावर आजवर ते एकूण किती तास चाललं त्याचा आकडा येतो. चैत्रालीने दर महिन्याच्या एक तारखेला तो टिपून ठेवावा. त्यातले पहिले एकवीस तास माझे आहेत, ते वजा करावेत. ऑगस्टमध्ये हे तीन दिवस चैत्रालीकडे राहायला गेले होते तेव्हा मी खोकं उघडलं आणि तीन रात्री, सात सात तास, मास्क स्वतः लावून झोपले. गुदमरतं असं यांचं म्हणणं होतं, ते तपासायचं होतं. गुदमरत नाही. पहिली दहा मिनिटं नाकात वारा शिरल्यासारखं वाटतं आणि घाबरायला होतं. मग आपण श्वास सोडतो त्याच्याशी जुळवून घेता येतं. पट्टी कानावरून फार घट्ट ओढू नये, गालावर वळ उठतात. नळी उशीच्या वरून घ्यावी, अंगाखाली आली की ओढली जाते. सकाळी तोंड कोरडं पडतं, पाणी जवळ ठेवावं. मग मी सगळं पुसून, होतं तसं खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून ठेवलं. क्लिनिकला यातलं काही कळवू नये. आणि मंडळात तर अजिबात नाही, नाहीतर म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो.

कलम सहा. अंत्यविधी.

साधा करावा. लोकांना पोहे आणि चहा द्यावा, त्याहून जास्त नको. मला पाहायला येणाऱ्यांपैकी कोणी ‘किती शांत झोपल्या आहेत’ असं म्हणू नये. मंडळाच्या पत्रकात ‘चिरनिद्रा’ हा शब्द छापू नये. माझ्या फोटोसमोर मोदक ठेवू नयेत.

यांनी रडू नये, किंवा रडावं. त्यांनी काय करावं हे मी कधी ठरवू शकले नाही, आता काय ठरवणार.

कलम सात. हे कलम आज, मंगळवारी सकाळी, सहीच्या आधी जोडत आहे.

वरच्या सहा कलमांचा मसुदा मी शनिवारपासून जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला होता. चिठ्ठ्या ठेवतो तिथेच. त्याला कोणी हात लावलेला मला दिसला नाही. काल सोमवारी ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्या होत्या, मी सकाळी नऊला घरातून गेले ती पाचला परत आले. हे समोरच्या खोलीत टीव्ही पाहत बसले होते. जेवताना पाहिलं तर यांच्या दोन्ही गालांवर वळ होते. दुपारी सोफ्यावर झोपले असतील, त्याच्या शिवणीचे असतील, असं समजून मी आमटी वाढली. रात्री नेहमीप्रमाणे आवाज, नेहमीप्रमाणे थांबणं, नेहमीप्रमाणे लाटणं.

आज सकाळी वकीलबाईंचा फोन आला. कलम पाचमध्ये मशीनचा नंबर घालायला हवा म्हणाल्या. हे दूध आणायला गेले होते. मी जिन्याखालून खोकं काढलं. मी लावली होती ती चिकटपट्टी खाकी होती. आता पांढरी आहे. मशीन जोडून नंबर उतरवला आणि सवयीने आकडाही पाहिला.

सत्तावीस.

मी दोनदा बंद करून दोनदा सुरू केलं. सत्तावीसच आहे. मी एकवीस तासच लावलं होतं आणि तेवढंच मसुद्यात लिहिलं होतं. मी खोकं जागेवर ठेवलं. यांनी दूध आणलं, चिठ्ठी ठेवली, मी चहा केला. मी पाहिलं आहे हे मी सांगितलेलं नाही. त्या चहात मी साखर दोनदा घातली, त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये.

माझा राग गेलेला नाही. सहा तासांनी जाणार नाही. कलम पाचची अट कायम आहे, आणि कलम तीनमधला एक शब्दही मी बदललेला नाही. फक्त एक भर घालते. ऑपरेशननंतर मला आठ दिवस हॉस्पिटलात ठेवणार आहेत. आकडा टिपण्यासाठी चैत्रालीने माझ्या मृत्यूची वाट पाहू नये. गुरुवारपासूनच रोज सकाळी पाहावा आणि मी शुद्धीवर आले की बाकी काही बोलण्याआधी मला सांगावा.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि दोघांच्या समक्ष सही केली. वाचून झाल्यावर अवधूतने विचारलं, “म्हणजे काकू, ऑल दिस टाइम काका?” मी हो म्हटलं. मोठ्याने म्हटलं, हे स्वयंपाकघरात होते.

सही: कुमुदिनी श्रीकांत पेठकर

साक्षीदार पहिला: अवधूत रानडे, सही
साक्षीदार दुसरी: स्वाती रानडे, सही

स्थळ: हाउन्सलो, घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: १२ सप्टेंबर २००६, मंगळवार